मोबाइल नंबर बदलला आणि लॉगिन बंद पडलं: जँगोमधल्या खाते-फॉर्मचं जुनं दुखणं

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. नवीन खातं उघडलं, लॉगिन झालं, सगळं ठीक होतं. मग पत्ता बदलून दिला आणि आता पासवर्ड चुकीचा म्हणतंय. पासवर्ड पुन्हा ठरवून दिला की काही दिवस चालतं. मग कुणीतरी त्या खात्यात काहीतरी दुरुस्त करतं आणि पुन्हा तेच.

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी सभासद नोंदणीचं छोटं ॲप केलं होतं. मागे जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची तयार चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस. ग्रंथपाल मॅडम काउंटरवरून सभासदांची माहिती भरायच्या आणि सभासद घरबसल्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायचे. तिथे हे दुखणं मी तीनदा 'कायमचं' बरं केलं, आणि तीनदा ते परत आलं. एकाच लक्षणामागे वेगवेगळी कारणं होती. एक काढलं की त्याच्या आड लपलेलं दुसरं पुढे यायचं.

घाईत असाल तर उत्तर आधी घ्या: माहिती दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये पासवर्डचा रकाना ठेवूच नका. रिकामा नको, लपवलेला नको, 'बदलायचा असेल तरच भरा' अशी टीप लावलेलाही नको. त्यासाठी वेगळं पान करा. असं का, आणि आधीच बिघडलेल्या खात्यांचं काय करायचं, ते खाली आहे.

आधी पासवर्डचा कॉलम बघा

फॉर्मच्या कोडमध्ये शिरण्याआधी जँगोची शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि बिघडलेल्या खात्याच्या 'पासवर्ड' कॉलममध्ये काय साठलंय ते वाचा. जँगो पासवर्ड उघडा ठेवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारं रूप, ठेवतं. म्हणून धडधाकट खात्यात तिथे एक लांब ओळ असते आणि डॉलरच्या चिन्हांनी तिचे चार भाग पडतात: हॅशच्या पद्धतीचं नाव, किती फेऱ्या मारल्या तो आकडा, सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळलेला यादृच्छिक मजकूर) आणि शेवटी हॅश. तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर पद्धत पीबीकेडीएफ-टू असेल. फेऱ्यांचा आकडा जँगोच्या आवृत्तीगणिक वाढत जातो: ४.२ मध्ये ६,००,०००, ५.० मध्ये ७,२०,०००, ५.१ मध्ये ८,७०,००० आणि ५.२ मध्ये १०,००,०००. आवृत्ती वाढवल्यावर सभासद पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा जँगो त्याचा हॅश नव्या आकड्यानं आपणहून पुन्हा करून ठेवतं. त्यामुळे लॉगिननंतर कॉलम बदललेला दिसला तर घाबरू नका. माहिती दुरुस्त केल्यावर बदलला, तर मात्र घोटाळा आहे.

म्हणून चाचणी अशी करा. एक नमुना खातं घ्या, कॉलम वाचून ठेवा, फॉर्ममधून फक्त मोबाइल नंबर बदला, कॉलम पुन्हा वाचा. एका अक्षराचाही फरक पडला तर दोष तुमच्या दुरुस्तीच्या वाटेवरच आहे.

शेलपर्यंत जायच्या आधीच मिळणारी एक खूण आहे. सभासद स्वतःची माहिती स्वतः बदलतो, 'जतन करा' दाबतो आणि लगेच लॉगिनच्या पानावर फेकला जातो, असं होतंय का? जँगो सेशनमध्ये (लॉगिन झाल्याच्या नोंदीत) पासवर्डच्या कॉलमवरून काढलेली एक खूणगाठ ठेवतं आणि प्रत्येक विनंतीला ती जुळवून बघतं. १.१० आवृत्तीपासून ही तपासणी सक्तीची आहे. कॉलम बदलला की खूणगाठ जुळत नाही आणि सेशन संपतं. लोक ही तक्रार 'सेशन टिकत नाही' म्हणून सांगतात आणि आपण कुकीच्या सेटिंगमध्ये तास घालवतो. मीही घालवले आहेत.

कॉलममध्ये चक्क उघडा पासवर्ड दिसतो

हे कारण खातं तयार करतानाचं आहे. 'यूजर.ऑब्जेक्ट्स.क्रिएट' वापरलं की दिलेला पासवर्ड जसाच्या तसा साठतो. 'क्रिएट_यूजर' वापरलं तर त्याचा हॅश होतो. नावात एका शब्दाचा फरक, परिणाम जमीन-अस्मानाचा. साधा मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याच्या वर्णनावरून, बनणारा फॉर्म) करून त्यात पासवर्डचा रकाना टाकला आणि नुसतं 'सेव्ह' म्हटलं तरी हेच होतं. अशा खात्यात पहिल्या दिवसापासूनच लॉगिन होत नाही, कारण जँगोला त्या मजकुरात हॅशची पद्धत ओळखता येत नाही. ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांत) ते खातं उघडलं तर पासवर्डच्या जागी 'इनव्हॅलिड पासवर्ड फॉरमॅट ऑर अननोन हॅशिंग अल्गोरिदम' असा मजकूर दिसतो. तो दिसला की पुढे शोधायची गरज नाही.

याचं एक भावंड ॲडमिनमध्येच सापडतं. आपण स्वतःचं यूजर मॉडेल करतो आणि ते नेहमीच्या 'मॉडेलॲडमिन'नं नोंदवतो. मग पासवर्ड हा मजकुराचा साधा रकाना होऊन बसतो, कुणीतरी हॅश पुसून तिथे नवा पासवर्ड टाइप करतं आणि तो उघडाच साठतो. यूजर मॉडेल नेहमी 'यूजरॲडमिन'वरून नोंदवा. त्यात खातं उघडण्याचा फॉर्म आणि दुरुस्तीचा फॉर्म मुळातच वेगवेगळे आहेत, आणि दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये पासवर्ड फक्त वाचण्यापुरता दिसतो. जँगो बनवणाऱ्यांनीच ही फारकत करून ठेवली आहे. आपण आपले फॉर्म लिहायला बसलो की ती विसरतो.

आपण 'यूजरॲडमिन'मध्ये जोडलेला नवा रकाना दुरुस्तीच्या पानावर दिसतो पण नव्या खात्याच्या पानावर दिसत नाही, असं झालं तर 'ॲड_फील्डसेट्स' तपासा. दोन पानांसाठी दोन याद्या आहेत, नाव दोन्हीकडे घालावं लागतं.

हॅशचाच पुन्हा हॅश

वाचनालयातलं माझं पहिलं कारण हे होतं. सभासदाची माहिती बदलण्यासाठी मी खातं उघडण्याचाच फॉर्म 'इन्स्टन्स' (म्हणजे आधीचं खातं) देऊन पुन्हा वापरला होता. पासवर्डचा रकाना साध्या मजकुराचा असल्यामुळे डेटाबेसमधला हॅश त्यात भरून ब्राउझरकडे जायचा, तसाच परत यायचा आणि व्ह्यू (विनंती हाताळणारा कोड) त्यालाच नवीन पासवर्ड समजून 'सेट_पासवर्ड'ला द्यायचा. कॉलम दिसायला अगदी निरोगी, चार भाग, तीन डॉलर. पण तो सभासदाच्या पासवर्डचा हॅश नव्हताच, हॅशचा हॅश होता. शिवाय सभासदाचा हॅश पानाच्या सोर्समध्ये कुणालाही वाचता यावा असा पडलेला होता, आणि मला हा दोष लॉगिन बंद पडण्यापेक्षा मोठा वाटतो.

मॉडेलच्या 'सेव्ह' पद्धतीत 'सेट_पासवर्ड' घालणाऱ्यांचंही हेच होतं. 'म्हणजे हॅश करायला विसरणार नाही' या चांगल्या हेतूनं ते केलेलं असतं. पण 'सेव्ह' फक्त पासवर्डसाठी चालत नाही. वर्गणीची तारीख बदलली तरी चालतं, आणि प्रत्येक वेळी हॅशवर आणखी एक हॅश चढतो. ती ओळ तिथून काढाच.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे रकाना 'पासवर्डइनपुट' करणं. तो आधीचं मूल्य पानावर पाठवत नाही, म्हणून हॅशची गळती थांबते. पण आता रकाना रिकामा येतो आणि फॉर्म अडून बसतो की पासवर्ड भरा. मग आपण 'रिक्वायर्ड' काढून टाकतो. आणि व्ह्यूमध्ये रिकामेपणा तपासला नसेल तर 'सेट_पासवर्ड'ला रिकामी स्ट्रिंग मिळते आणि जँगो तिचाही रीतसर हॅश करून ठेवतं. लॉगिनचा फॉर्म रिकामा पासवर्ड घेत नाही, म्हणून सभासद बाहेरच राहतो. पण मोबाइल ॲपसाठी तुम्ही स्वतः लिहिलेली एपीआय रिकामा पासवर्ड पुढे पाठवत असेल, तर त्या खात्याचं दार सताड उघडं आहे.

मीही 'रिकामा असेल तर हात लावू नको' अशी अट घातली आणि काम संपलं असं समजलो.

रकाना रिकामा नव्हताच

महिन्याभरात पुन्हा तक्रारी सुरू झाल्या. या वेळी मात्र सगळ्याच दुरुस्त्यांनंतर नाही, काहींनंतरच. माझ्या लॅपटॉपवर कितीही केलं तरी होईना. शेवटी काउंटरवर जाऊन बसलो तेव्हा दिसलं की बिघडलेली सगळी खाती एकाच संगणकावरून दुरुस्त झालेली होती, ग्रंथपाल मॅडमच्या.

त्यांनी ब्राउझरला स्वतःचा पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलं होतं. त्यात गैर काहीच नाही. पण ब्राउझरला आमच्या साइटवर पासवर्डचा रकाना दिसला की तो लॉगिनचाच असणार असं समजून तो मॅडमचा पासवर्ड त्यात भरून टाकायचा. पडद्यावर चार-सहा काळे ठिपके. मॅडमना वाटायचं, तो सभासदाचाच पासवर्ड आहे, आधीपासून भरलेला. त्या मोबाइल नंबर बदलायच्या, जतन करायच्या, आणि सभासदाच्या खात्याला मॅडमचा पासवर्ड लागायचा. खात्री करायला मी त्यांना एका बिघडलेल्या खात्यात स्वतःचा पासवर्ड त्यांच्या हातानं टाकून बघायला सांगितलं. लॉगिन झालं. त्यांचा चेहरा उतरला, आणि चूक त्यांची नाही हे समजावताना मला खरंच वाईट वाटलं. चूक पूर्णपणे फॉर्मची होती.

इथे 'ऑटोकम्प्लीट' 'ऑफ' करून भागत नाही. पासवर्डच्या रकान्यांसाठी ब्राउझर ते बहुधा मानतच नाहीत. 'न्यू-पासवर्ड' असं मूल्य दिलं तर जुना पासवर्ड भरणं सहसा थांबतं, आणि नव्या पासवर्डच्या रकान्याला ते द्यायलाच हवं. पण 'सहसा' या शब्दावर दुसऱ्याचं खातं टांगून ठेवायचं का? शिवाय ब्राउझर कधी कधी पासवर्डच्या लगेच आधीच्या रकान्यात जतन केलेलं यूजरनेमही घालतो. आमच्याकडे त्या जागी मोबाइल नंबर होता. दोन सभासदांच्या नंबरच्या जागी मॅडमचं यूजरनेम कसं आलं, ते कोडं तेव्हा सुटलं.

त्या दिवशी पासवर्डचा रकाना दुरुस्तीच्या फॉर्ममधून कायमचा काढला. त्याऐवजी तीन दारं केली. नवीन खात्यासाठी 'यूजरक्रिएशनफॉर्म'वरून केलेला फॉर्म. माहिती दुरुस्तीसाठी साधा मॉडेलफॉर्म, त्यात फक्त नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल. आणि पासवर्डसाठी वेगळं पान: सभासद स्वतः बदलत असेल तर जँगोचंच 'पासवर्डचेंजव्ह्यू', काउंटरवरून बदलायचा असेल तर 'सेटपासवर्डफॉर्म'. 'पासवर्डचेंजव्ह्यू' सेशनची खूणगाठही नवी करतं. स्वतःचा व्ह्यू लिहिलात तर 'अपडेट_सेशन_ऑथ_हॅश' आठवणीनं बोलवा, नाहीतर पासवर्ड बरोबर बदलूनही सभासद बाहेर पडेल.

सोबत एक चाचणी लिहिली: खातं तयार करा, दुरुस्तीच्या पत्त्यावर फक्त मोबाइल नंबर पाठवा, वर एक खोटा पासवर्डही पाठवा, आणि पासवर्डचा कॉलम आधी होता तोच आहे का ते पाहा. मोजून सहा ओळी. ही चाचणी आधी असती तर पहिल्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

कॉलम बदललाच नाही, तरी लॉगिन बंद

मग 'इज_ॲक्टिव्ह' बघा. दुसऱ्या एका कामात हे भेटलं. एकच फॉर्म दोन पडद्यांना वापरलेला: कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर 'खातं चालू' असा चेकबॉक्स, सभासदाच्या पडद्यावर तो टेम्प्लेटमधून (पानाच्या साच्यातून) वगळलेला. टेम्प्लेटमधून वगळला तरी फॉर्मच्या यादीत तो आहेच. एचटीएमएलमध्ये टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही, त्यामुळे 'टिक काढली' आणि 'पानावर नव्हताच' यांतला फरक जँगोला कळू शकत नाही. दोन्हीचा अर्थ 'नाही'. सभासदानं स्वतःचा पत्ता बदलला आणि स्वतःचंच खातं बंद केलं. लॉगिनच्या पानावर संदेशही तोच येतो, नाव किंवा पासवर्ड चुकीचा, म्हणून सगळे पासवर्डच्या मागे लागतात.

उलट बाजू जास्त घातक आहे. यादीत 'इज_स्टाफ' असेल आणि टेम्प्लेटमध्ये नसेल, तर ब्राउझरची साधनं वापरून कुणीही तो रकाना विनंतीत जोडू शकतो आणि फॉर्म तो आनंदानं स्वीकारतो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) रेल्स या जँगोसारख्याच चौकटीतल्या अशाच ढिलाईतून एकानं रेल्सच्याच प्रकल्पात लिहिण्याचा हक्क मिळवून दाखवला होता. पडदे दोन असतील तर फॉर्मही दोन करा, आणि 'फील्ड्स'मध्ये प्रत्येक नाव हातानं लिहा. 'ऑल' लिहू नका.

फॉर्म तयारच होत नाही, किंवा 'आधीच घेतलेलं आहे' म्हणतो

स्वतःचं यूजर मॉडेल असताना जँगोचा 'यूजरक्रिएशनफॉर्म' जसाच्या तसा वापरला तर 'ऑथ.यूजर हॅज बीन स्वॉप्ड' अशी तक्रार येते, कारण त्याच्या 'मेटा'मध्ये मूळ मॉडेल आहे. त्यावरून आपला वर्ग करा, 'मेटा'मध्ये 'गेट_यूजर_मॉडेल' द्या, झालं. मात्र 'ऑथ_यूजर_मॉडेल' हे सेटिंग पहिल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसचे तक्ते तयार करण्याच्या) आधीच ठरवा. नंतर बदलणं शक्य आहे, पण फार किचकट.

दुरुस्ती करताना स्वतःचाच ईमेल 'आधीच वापरात आहे' असं येत असेल, तर तुम्ही 'क्लीन_ईमेल'मध्ये हातानं शोध घेतला आहे आणि त्यातून चालू खातं वगळलेलं नाही. नवीन खात्याला वगळण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे दोष दिसत नाही. ईमेलबाबत आणखी एक: 'क्रिएट_यूजर' फक्त ॲट चिन्हानंतरचा भाग लहान लिपीत करतं, आधीचा नाही. एकच माणूस मोठ्या आणि लहान अक्षरांनी दोन खाती उघडू शकतो. जँगो ४.० पासून 'लोअर' लावून डेटाबेसमध्येच एकमेवपणाची अट घालता येते, ती घाला.

आणि फॉर्म अवैध ठरल्यावर पानाच्या माथ्यावर 'नमस्कार, अमुक' मध्ये नाकारलेलं नवं नाव दिसतंय का? डेटाबेस ठीक आहे. फॉर्म तपासताना मॉडेलफॉर्म 'इन्स्टन्स'वर नवी मूल्यं चढवतो, आणि तुम्ही इन्स्टन्स म्हणून 'रिक्वेस्ट.यूजर'च दिला आहे. डेटाबेसमधून ताजी प्रत काढून ती द्या.

'कमल' चालते, 'विमल' चालत नाही

मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. यूजरनेम देवनागरीत ठेवू दिलं तर 'कमल' स्वीकारलं जातं आणि 'विमल'ला सांगितलं जातं की फक्त अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं चालतील. 'वि' हे अक्षर नाही का? जँगोचा तपासनीस 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हा पायथनचा नमुना वापरतो, आणि पायथनच्या लेखी वेलांटी, काना, मात्रा, हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, अक्षराला जोडलेल्या खुणा आहेत. बिनकाना-मात्रेची नावं तेवढी पास होतात. युनिकोडच्या वर्गवारीतली अक्षरं, खुणा आणि आकडे स्वीकारणारा स्वतःचा तपासनीस लिहिता येतो, पण माझा सल्ला वेगळा आहे: लॉगिनसाठी मोबाइल नंबर किंवा रोमन यूजरनेम ठेवा, आणि देवनागरी नावासाठी बंधनाशिवायचा एकच 'पूर्ण नाव' रकाना द्या. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत 'फर्स्ट' आणि 'लास्ट' अशा दोन रकान्यांत बसत नाही, आणि मधलं नाव कोण कुठे कोंबेल याचा नेम नाही.

देवनागरी नाव ओळखपत्रासारखं वापरायला माझा विरोध आहे, त्याला आणखी एक कारण आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' वापरतात, काही साध्या 'र'ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. जँगो यूजरनेमवर एनएफकेसी सामान्यीकरण करतं (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करतं), पण हा फरक त्यानंही मिटत नाही. एका माणसाची दोन खाती सहज होतात.

मोबाइल नंबरचंही असंच. पायथनचा 'बॅकस्लॅश डी' देवनागरी आकडे मान्य करतो. मराठी कीबोर्डवरून '९८' असा सुरू झालेला नंबर तपासणीतून पार होतो, तसाच साठतो, आणि पुढे रोमन आकड्यांनी लॉगिन करताना सापडत नाही. 'क्लीन' पद्धतीत एकेक आकडा पूर्णांकात बदलून परत जोडा. सगळा नंबर एकदम पूर्णांक करू नका, सुरुवातीचं शून्य उडेल.

आधीच बिघडलेली खाती

ज्यांच्या कॉलममध्ये उघडा पासवर्ड आहे ती दुरुस्त होतात. 'आयडेंटिफाय_हॅशर' ज्यांच्यावर अडतो, पण ज्यांची सुरुवात उद्गारचिन्हानं होत नाही, अशी खाती वेगळी काढा आणि त्याच मजकुराला 'सेट_पासवर्ड' देऊन जतन करा. चालवण्याआधी यादी डोळ्यांखालून घाला. ते पासवर्ड जुन्या बॅकअपमध्ये उघडे पडलेले असतील, तेव्हा त्या सभासदांना पासवर्ड बदलायला स्पष्ट सांगणं आपलं कर्तव्य आहे.

हॅशचा हॅश झालेली किंवा दुसऱ्याचा पासवर्ड लागलेली खाती मागे फिरवता येत नाहीत. तिथे नवा पासवर्डच हवा. इथे 'सेट_अनयूजेबल_पासवर्ड' वापरायचा मोह होतो. तो टाळा: 'पासवर्ड विसरलात?' या वाटेवर जँगो अशा खात्यांना ईमेलच पाठवत नाही, आणि सभासद कधीही न येणाऱ्या ईमेलची वाट बघत बसतो. त्याऐवजी यादृच्छिक लांब पासवर्ड लावा आणि मग बदलण्याचा दुवा पाठवा. दुवा मूळ सेटिंगमध्ये तीन दिवस चालतो.

वाचनालयाच्या बऱ्याच सभासदांकडे ईमेल नव्हताच. त्यांच्यासाठी काउंटरवर वेगळं पान केलं. ग्रंथपाल मॅडम ओळखपत्र बघतात, कीबोर्ड सभासदाकडे वळवतात आणि सभासद स्वतःच्या हातानं नवा पासवर्ड दोनदा टाइप करतो. त्या पानावर पासवर्डाशिवाय दुसरा एकही रकाना नाही.